सिंगापूरच्या बर्फावर नारळ, आणि मागे खेळणारीचा प्रश्न

आल्यापासून जो तो विचारतोय, "सिंगापूरला काय काय बघितलंत?" मी सांगते, "आइस हॉकी." मग समोरचा माणूस बाईंना प्रवास बाधला अशा चेहऱ्याने पाणी आणून देतो. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. ज्यांना सिंगापूरला जायचंय त्यांना रस्ते, खाणं, खर्च कळेल. ज्यांना जायचं नाही त्यांना निदान आमच्या घरातलं भांडण तरी कळेल.

मी सांगलीत मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ शिरीष, म्हणजे आमचा शिऱ्या, सिंगापूरला एका बँकेत आहे. बायको मेधा आणि पंधरा वर्षांची एकच मुलगी, ऋजुता. एप्रिलमध्ये पेपर तपासत बसले होते, तर ऋजूचा फोन.

"आत्या, एक क्वेश्चन आहे. आइस हॉकीमध्ये डिफेन्समन त्याच्या काळातला बेस्ट प्लेअर असू शकतो का?"

"अगं, आधी आइस हॉकी म्हणजे काय ते सांग."

तिने सांगितलं. बर्फावर स्केट घालून खेळायचं, चेंडूऐवजी काळी रबरी चकती, गोल अडवायला मागे उभे राहतात ते डिफेन्समन. मुलगी असली तरी डिफेन्समनच म्हणायचं म्हणे. आणि आमची ऋजू दोन वर्षं तिथेच खेळतेय. तिथे, विषुववृत्तावर! बाहेर घामाच्या धारा आणि ही बर्फावर.

भांडण असं होतं. पुढच्या वर्षी तिची ओ लेव्हलची परीक्षा, म्हणजे आपली दहावी समजा. शिऱ्याने अट घातली होती, की जूनच्या स्पर्धेत 'बेस्ट प्लेअर'चं बक्षीस मिळालं तर खेळ चालू, नाही तर हॉकी बंद. आणि ते बक्षीस आजवर फक्त गोल करणाऱ्यांनाच मिळालेलं. ऋजूचं म्हणणं, मी मागे खेळते, मला ते कसं मिळणार? शिऱ्याचं म्हणणं, मग पुढे खेळ. मागे उभं राहणारा कधी सर्वोत्तम असतो का?

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. मी शाळेत आणि कॉलेजात कबड्डीत डावा कोपरा होते. डावा कोपरा म्हणजे चढाई करणारीचा घोटा धरून तिला जमिनीवर आणणारी. अंतिम सामना जिंकला तेव्हा पेपरात चढाई करणाऱ्या सुलूचं नाव आणि फोटो आला. खाली एक ओळ, 'इतर खेळाडूंनी उत्तम साथ दिली.' ते 'इतर' म्हणजे मी. तिकीट काढलं.

आमच्या ह्यांना गुडघेदुखी, म्हणून मी एकटीच निघाले. सांगली ते मुंबई रात्रीची बस, मुंबईहून विमान साडेपाच तासांचं. येऊन-जाऊन तिकीट वीस हजारांच्या आतबाहेर पडलं. व्हिसा एजंटाकडून करून घ्या, उगाच स्वतः धावपळ करू नका. तिथल्या डॉलरला साधारण तीस रुपये धरा आणि मग चहासुद्धा महाग वाटायला लागेल. तिसऱ्या दिवसापासून मी रुपयांत मोजणं सोडून दिलं, तब्येतीला बरं पडलं.

शिऱ्याचं घर बुकित पंजांगला. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, चुआ चु कांगपर्यंत जायचं आणि तिथून एलआरटी, म्हणजे ड्रायव्हर नसलेला छोटासा डबा, इमारतींच्या मधून फिरतो. त्यात एक गंमत आहे. गाडी लोकांच्या फ्लॅटजवळून जायला लागली की खिडक्यांच्या काचा आपोआप पांढुरक्या होतात, कोणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. मी नेमकी एका बाईने वाळत घातलेल्या पापडासारख्या काहीतरी वस्तूकडे निरखून बघत होते. काच पांढरी! सरकारने माझ्या एकटीसाठी पडदा ओढल्यासारखं वाटलं आणि मी जरा ओशाळले.

फ्लॅट छान, बाराव्या मजल्यावर. तिथल्या नव्या फ्लॅटना एक बॉम्ब शेल्टर असतं, जाड लोखंडी दाराची खोली. मेधा त्यात लोणच्याच्या बरण्या, झाडू आणि ऋजूचं हॉकीचं किट ठेवते. दार उघडलं आणि आतून जो वास आला तो लोणच्याचा नव्हता. मेधा म्हणाली, "ताई, बॉम्ब आत पडला तरी तोच बाहेर पळेल."

पहिल्याच रात्री जेवताना ऋजूने फाइल काढली. खरंच फाइल, प्लास्टिकच्या कप्प्यांची. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत तिने बाजू मांडली. "बाबा, लुक. एक जुना डिफेन्समन होता, तुझ्या लहानपणी. मागून चकती घेऊन सगळ्यांना चुकवत स्वतःच पुढे जायचा. सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त पॉइंट त्याचे. त्याने गेमच चेंज केला."

"बघ!" शिऱ्या भाकरी मोडत म्हणाला. "म्हणजे तो पुढे गेला म्हणून ग्रेट झाला. माझाच मुद्दा."

ऋजू जरा हादरली. मग तिने दुसरं पान काढलं. "ओके, मग हा. आत्ताचा. हा घाईत कधी दिसतच नाही. धडकत नाही, पडत नाही. त्याच्या बाजूला समोरची टीम काही करूच शकत नाही."

"दिसतच नाही ना? मग मत कोण देणार?"

"मोठ्या लीगमध्ये डिफेन्समनला वेगळं प्राइज असतं, म्हणून मोठं प्राइज देताना लोक म्हणतात, त्यांना मिळालंय की एक. नॉट फेअर, लाह!" हे 'लाह' तिथे सगळेच वाक्याच्या शेवटी लावतात, आपल्या 'ना'सारखं.

"वेगळं ताट वाढलंय म्हणून पंगतीला बसू देत नाहीत," मी म्हटलं.

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"मी विमानाने मध्ये पडायलाच आलेय," मी म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शिऱ्या ऑफिसला, आम्ही तिघी हॉकर सेंटरला. एका छपराखाली चाळीस-पन्नास गाळे, मधे टेबलं. बसायच्या आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, की जागा आपली झाली. कोणी उचलत नाही! मी एका शाकाहारी गाळ्यावर गेले तर पाटीवर लिहिलेलं, शाकाहारी बदक. शाकाहारी मटण. मी त्या गाळेवाल्या आजोबांना विचारलं, "व्हेजिटेरियन डक? डक व्हेजिटेरियन ऑर यू व्हेजिटेरियन?" ते म्हणाले, "आंटी, ऑल व्हेजिटेरियन. ओन्ली नेम नॉटी." सोयाचं होतं. चव चांगली होती, पण प्रत्येक घासाला मी मनातल्या मनात कोणाची तरी क्षमा मागत होते. तांदळाच्या शेवयांची बशी दोन डॉलरला, पोट भरतं. नारळाच्या जॅमचा टोस्ट आणि कंडेन्स्ड मिल्कची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मात्र अजिबात चुकवू नका.

शुक्रवारी शिऱ्याने रजा काढली आणि आम्ही मरीन परेडला समुद्रावर गेलो. तिथे फिरायला लांबच लांब रस्ता आहे, सायकली भाड्याने मिळतात, हिरवळ तर विचारू नका. ऋजू चाकांचे स्केट घालून काठीने बॉल ढकलत होती. मी हिरवळीवर चपलेने रेघ मारली आणि शिऱ्याला म्हटलं, "ये. चढाई कर."

"इथे? ताई, माझे क्लायंट राहतात या भागात!"

"कबड्डी म्हणत ये. मी डावीकडे, ऋजू स्केट काढून उजवीकडे."

आणि आला की! बँकेचा एवढा मोठा अधिकारी, इस्त्रीची पँट, "कबड्डी कबड्डी" करत, एक हात पुढे. पळायला आलेलं एक चिनी जोडपं थांबून बघायला लागलं. शिऱ्या तीनदा आला आणि तिन्ही वेळा ऋजूच्या बाजूला गेला.

"माझ्याकडे का नाही आलास?" मी विचारलं.

"वेडा आहे का मी? लहानपणी तू माझा घोटा मुरगळला होतास."

"मग आज मी काय केलं?"

"काहीच नाही. नुसती उभी होतीस."

"तू अर्धं मैदान सोडून दिलंस शिऱ्या, मी नुसती उभी होते म्हणून!"

पण कबूल करेल तर शिऱ्या कसला. "बरोबर आहे तुझं, पण त्याची नोंद कुठे होते? जे लिहिलं जात नाही ते बक्षीस देणाऱ्याला कसं दिसणार?" त्या पळायला आलेल्या काकांनी तेवढ्यात विचारलं, "अंकल, हॉस्पिटल?" त्यांना वाटलं, ह्याला फिट आलीय. मग काय, वाद तिथेच संपला.

शनिवारी लिटल इंडियात गेले आणि एक नारळ घेतला. आमच्या शाळेत स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मैदानावर नारळ फोडायचा मान माझा. सत्तावीस वर्षांत कधी चुकले नाही. भाचीचा सामना, आणि नारळाशिवाय? छे!

रविवारी दुपारी रिंकवर, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या मैदानावर पोचलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मॉलमध्ये. खाली चपलांचं दुकान आणि वर बर्फ! मी सांगलीहून स्वेटर आणि माकडटोपी नेली होती, मेधा हसली होती, पण पाच मिनिटांत तिनेच माझी शाल मागितली. जाणार असाल तर मोजे विसरू नका. स्केट भाड्याने मिळतात, मी घातले नाहीत, माझी हाडं जुनी आहेत.

चार संघांची स्पर्धा, हा शेवटचा सामना. शिऱ्या घड्याळ आणि गुणपत्रकाच्या टेबलावर होता, पालक आळीपाळीने ते काम करतात. मुली आत यायच्या होत्या. बर्फाकडे जायचं फाटक उघडं होतं. खाली सिमेंटची पायरी. मी मनात गणपतीचं नाव घेतलं आणि नारळ आपटला.

नारळ फुटला, उत्तम फुटला. पाणी उडालं ते थेट बर्फावर, आणि एक भकल घसरत घसरत, घसरत घसरत, मैदानाच्या बरोब्बर मधल्या ठिपक्यापाशी जाऊन थांबलं. पंच स्केटवरून गेला, ते उचललं, वास घेतला. मॅनेजर धावत आला.

"आंटी! कॅनॉट! कॅनॉट लाह! वॉटर बिकम आइस, बम्प, प्लेअर फॉल डाउन!"

"फॉर गुड लक," मी म्हटलं.

"बॅड लक आल्रेडी!"

बर्फ सपाट करायचं ते भलंमोठं यंत्र आलं, गोल गोल फिरलं, सामना पंधरा मिनिटं उशिरा. घड्याळाच्या टेबलामागे शिऱ्याने तोंड गुणपत्रकात लपवलं होतं. मॅनेजरने मला टेबलाला लागून असलेल्या काचेच्या खोक्यात नेऊन बसवलं, म्हणाला, "सिट हिअर, आय कॅन सी यू." ते खोकं शिक्षेचं निघालं. जी मुलगी नियम मोडते तिला तिथे दोन मिनिटं बसवतात. म्हणजे सामन्याची पहिली शिक्षा मला झाली, आणि ती सबंध सामनाभर!

पण जागा झकास होती. ऋजूचा चार नंबर. मी खेळ जाणते, तुम्हाला सांगते, मुलगी अप्रतिम उभी राहत होती. समोरच्या संघात अकरा नंबरची एक मुलगी होती, वाऱ्यासारखी. ती येई, ऋजू नुसती जरा बाजूला सरके, आणि अकरा नंबर कोपऱ्यात जाऊन अडके. पहिल्या अर्ध्यात कोणाचाच गोल नाही. शेवटी वैतागून अकरा नंबरने ऋजूला पाय घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला खोबरं दिलं. तिने हेल्मेटची जाळी वर करून खाल्लं.

"आंटी, नंबर फोर युवर डॉटर, इझ इट?"

"ब्रदर्स डॉटर."

"सो अनॉयिंग! आय ऑल्वेज एंड अप इन द कॉर्नर. आय हेट हर."

शिऱ्या हातभर अंतरावर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. "लिही," मी म्हटलं, "हे लिही तुझ्या कागदावर." त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. पण कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हे.

दुसऱ्या अर्ध्यात ऋजूच्या डोक्यात ती अट घुसली असावी. सात-आठ मिनिटं राहिली असतील, ती चकती घेऊन मागून निघाली, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि गोल! शिऱ्या खुर्चीवर चढला. "शाब्बास! अजून एक! पुढे जा!" ती पुन्हा पुढे गेली. तिच्या मागे आता कोणीच नव्हतं. अकरा नंबरने मोकळी जागा बघितली आणि सुटली. एक-एक. ऋजूने बाबाकडे बघितलं आणि पुन्हा पुढे गेली, बक्षीस हवं होतं पोरीला. पुन्हा तेच. एक-दोन. अकरा नंबर तिसऱ्यांदा सुटणार, तेवढ्यात शिऱ्या काचेवर दोन्ही हात आपटून ओरडला.

"ऋजू, मागे ये! मागे ये गं! तिथे कोणी नाहीये!"

सगळा मॉल मराठी शिकला असेल. ऋजू वळली, अशी काही पळत आली, आणि अकरा नंबर पुन्हा कोपऱ्यात. त्यानंतर गोल झाला नाही, ना त्यांचा ना आपला. शिऱ्या मात्र उभाच राहिला, हात काचेला तसेच चिकटलेले. आपण काय ओरडलो ते त्याला तेव्हा कळलं असावं.

सामना हरलो. 'बेस्ट प्लेअर' अकरा नंबरला मिळालं, दोन गोल केले होते तिने. ऋजूने टाळ्या वाजवल्या, व्यवस्थित वाजवल्या. खाली फूड कोर्टात तिने नूडल्स खाल्ल्या, घरी येऊन किट बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवलं आणि ते जड दार लावलं. "डील इज डील," म्हणाली. मग तिच्या खोलीचं दार लागलं आणि आतून जे ऐकू येत होतं ते मेधाने आणि मी उंबऱ्यात उभं राहून ऐकलं.

मी शिऱ्याला गाठलं. "तुझ्या अटीने सामना हरवला तिला. ती तिच्या जागेवर उभी असती तर शून्याला शून्य राहिलं असतं!"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. एवढंच. मला भांडण हवं होतं, आणि हा 'माहीत आहे' म्हणून मोकळा झाला! मंगळवारी विमानतळावर सोडायला आला, तेव्हाही हॉकीचा शब्द काढला नाही. ऋजूने मिठी मारली. मी म्हटलं, "तू तुझ्या वयातली सर्वोत्तम आहेस." ती म्हणाली, "आत्या, तू बायस्ड आहेस." आहेच मुळी.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. शाळा सुरू झाली, ह्यांचे गुडघे तसेच. सिंगापूरचं काय राहिलं म्हणाल, तर स्वच्छ रस्ते वगैरे विसरायलाही लागले. तो प्रश्न राहिला. काळातला सर्वोत्तम कोण, हे ठरवायला लोक गोल मोजतात, कारण गोल मोजता येतात. न झालेले गोल कोण मोजणार? मी आठवीच्या मुलींना हे समजावून सांगत होते, तर एकजण म्हणाली, "बाई, म्हणजे आम्ही चढाई करायचीच नाही का?" कपाळावर हात मारला.

काल शिऱ्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"काय रे, आजारी आहेस का?"

"नाही गं, पडलो. अकरा वेळा पडलो. ऋजूच्या हॉकी क्लबमध्ये पालक आणि मुलांचा एकत्र सामना होता."

"तू? बर्फावर? थांब थांब, मुलांचा म्हणजे? ऋजू खेळत होती?"

"खेळणारच ना. किट मीच बाहेर काढलं, तू गेलीस त्याच दिवशी." मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला उभंच राहता येत नव्हतं. समोरून ती सगळी मंडळी येतायत, आणि मी कठडा धरून, हलतच नाही. म्हटलं, सुटलो तर सगळं माझ्या अंगावर येणार. तर मागून ऋजू ओरडली, 'बाबा, तू जा पुढे. मी मागे आहे ना.'"

"मग?"

"मग काय," शिऱ्या म्हणाला, "मग कठडा सोडला."